स्वालबार्डला फोटोग्राफीसाठी जायचंय: महिना कोणता, जहाज कोणतं, आणि अंतराच्या नव्या नियमात ६०० मिमी पुरेल का?

सह्यकडा

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आम्ही दोघं स्वालबार्डला (आर्क्टिकमधला नॉर्वेचा द्वीपसमूह) जायचं म्हणतोय, निव्वळ फोटोग्राफीसाठी. पुण्याहून निघून मुंबई, ऑस्लो, लॉंगयरब्येन (तिथलं मुख्य गाव) असा मार्ग. हाताशी १२ ते १४ दिवस. सामान: निकॉन झेड ८ कॅमेरा, १८०-६०० आणि २४-१२० मिमी लेन्स, आणि एक जुना झेड ६ टू कॅमेरा. ताडोबा आणि भिगवणला या जोडीने काम भागतं, बर्फाचा अनुभव शून्य.

घोडं अडलंय ते असं. एक, महिना ठरत नाही. मार्चमध्ये लॉंगयरब्येनला राहून स्नोमोबाईलवर फिरायचं, मेमध्ये जहाज घ्यायचं, की ऑगस्टमध्ये? दोन, अस्वलापासून ३०० आणि ५०० मीटर लांब राहायचा नियम आलाय म्हणे. तसं असेल तर ६०० मिमीने काय हाती लागणार? तीन, १२ जणांचं जहाज आणि १०० जणांचं जहाज यांच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोटोतही तेवढा पडतो का? आणि चौथं, बायकोची फर्माईश: एकाच ट्रिपमध्ये अस्वलही हवं आणि ऑरोराही (ध्रुवाकडच्या अंधाऱ्या आकाशातला रंगीत प्रकाश). जमेल का?

उत्तरायण

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दात आहे: नाही. लॉंगयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. तिथे साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही, आणि जहाजांचा हंगाम बहुतांशी याच काळात. अंधार नाही तर ऑरोरा कुठली? उलट ध्रुवीय रात्रीत, नोव्हेंबर ते जानेवारीत, ऑरोरा भर दुपारीसुद्धा दिसते, पण तेव्हा अस्वलांचे फोटो काढायला कोणी नेत नाही. शिवाय रात्रीच्या ऑरोराचा मुख्य पट्टा स्वालबार्डच्या बराच दक्षिणेला असतो, त्यासाठी उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो केव्हाही सरस. फर्माईश पुरी करायचीच असेल तर ती ट्रिप वेगळी करा.

आता व्हिसा. लोक सगळ्यात महाग चूक इथेच करतात. स्वालबार्ड नॉर्वेचंच आहे, पण शेंगेनच्या (सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर. तिथे जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही, मात्र वाट ऑस्लो किंवा ट्रॉम्सोवरून जाते आणि ती दोन्ही शेंगेनमध्ये. ऑस्लोला लॉंगयरब्येनच्या विमानात चढण्याआधी पासपोर्ट तपासणी होते आणि तुम्ही शेंगेनबाहेर गेल्याची नोंद होते. परतताना पुन्हा प्रवेश. म्हणजे डबल किंवा मल्टिपल एन्ट्री हवीच. सिंगल एन्ट्रीवर जाल, पण परत येताना अडकाल. अर्जात स्पष्ट लिहा, आणि सोबतच्या पत्रात ऑस्लो-लॉंगयरब्येन-ऑस्लो ही तिकिटं तारखांसकट दाखवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील होतं, तेव्हा जहाजाची जागा पक्की झाली की लगेच कामाला लागा.

विमा घेताना शेंगेनसाठी लागणारं ३०,००० युरोंचं वैद्यकीय कवच पुरेसं धरू नका. पॉलिसीत स्वालबार्डचा समावेश आहे का, आणि शोध-बचावाचा व हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलाय का, हे लेखी विचारून घ्या.

आता अंतराचा नियम. १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात किमान ५०० मीटर. जहाज, झोडियाक (जहाजावरून उतरवतात ती रबरी मोटारबोट), स्नोमोबाईल, पायी, सगळ्यांना लागू. त्याहून जवळ असल्याचं लक्षात आलं तर मागे फिरणं बंधनकारक. अस्वल आपणहून जवळ आलं तरी हलायचं तुम्हीच. जहाजाच्या नाकाशी उभं राहून वर बघणाऱ्या अस्वलाचे जे फोटो नेटवर दिसतात, ते जुने. कोणी अजूनही तशा फोटोंनी जाहिरात करत असेल तर तिथे पैसे भरायच्या आधी दोनदा विचार करा.

गणित मांडतो. अस्वलाची लांबी २.२ मीटर धरा, लेन्स ६०० मिमी, फुल फ्रेम.

३०० मीटरवर सेन्सरवरची प्रतिमा ४.४ मिमी. फ्रेमच्या रुंदीच्या १२ टक्के. झेड ८ वर साधारण १,००० पिक्सेल.

५०० मीटरवर २.६ मिमी. रुंदीच्या ७ टक्के, साधारण ६०० पिक्सेल.

१.४ टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच १.४ पट वाढवणारा जोड) लावला तर ३०० मीटरवर १७ टक्के आणि १,४०० पिक्सेल, पण ॲपर्चर एफ/९ वर जातं.

थोडक्यात, डोळ्यात डोळे घालणारं पोर्ट्रेट विसरा. ७ ते १२ टक्क्यांचं अस्वल म्हणजे मोठ्या निसर्गचित्रातला छोटा जीव. बर्फाची रेघ, हिमनदीची भिंत, पाण्यातलं प्रतिबिंब आणि त्यात अस्वल. अशी चित्रं आवडत असतील तर स्वालबार्ड सोन्यासारखं आहे. ताडोबातल्यासारखा फ्रेमभर चेहरा हवा असेल तर कॅनडातलं चर्चिल बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हडसन उपसागर गोठायची वाट बघत अस्वलं किनाऱ्यावर जमतात आणि उंच चाकांच्या टंड्रा बग्गीतून जवळून दिसतात. वर चर्चिल ऑरोराच्या पट्ट्याखालीच येतं, त्यामुळे आभाळ मोकळं असेल तर ती दुसरी फर्माईशही तिथे भागू शकते.

महिन्याचं उत्तर या नियमाला आणि सूर्याच्या उंचीला जोडून बघायला हवं. २१ जूनला लॉंगयरब्येनला मध्यरात्रीचा सूर्य क्षितिजाच्या वर जवळजवळ १२ अंश असतो. पुण्यात उजाडल्यावर पाऊण-एक तासाने सूर्य जेवढा वर येतो तेवढा. म्हणजे ‘मध्यरात्रीच्या सूर्याचा सोनेरी प्रकाश’ जूनमध्ये म्हणावा तसा मिळत नाही. तोच सूर्य १ मेला आणि १० ऑगस्टला मध्यरात्री फक्त ३ ते ४ अंशांवर असतो. खरा रंग तेव्हा. आणि घड्याळातली मध्यरात्र धरू नका. उन्हाळी वेळेमुळे सूर्य सर्वात खाली येतो तो रात्री एकच्या सुमारास. रात्री ११ ते पहाटे ३ हे तुमचे कामाचे तास, झोप दुपारी.

मग मे की ऑगस्ट? मेमध्ये सगळं पांढरं, फ्योर्डांच्या (जमिनीत शिरलेल्या अरुंद खाड्यांच्या) टोकाला किनाऱ्याला चिकटलेला बर्फ, कोल्हे अजून पांढरे, पण अंतर ५०० मीटर, आणि उत्तर-पूर्वेकडची वाट बहुधा बर्फाने बंद. ऑगस्टमध्ये अंतर ३०० मीटर, प्रकाश तितकाच तिरपा, पण जमीन तपकिरी आणि चिखलट, आणि समुद्रबर्फ गाठायला बरंच उत्तरेला जावं लागतं. तिसरा हिशोब पक्ष्यांचा. हिनलोपेन सामुद्रधुनीतल्या आल्केफ्येलेटच्या कड्यावर ब्रुनिक्स गिलेमॉट या समुद्रपक्ष्याच्या साठ हजारांच्या आसपास जोड्या असतात. पिल्लं जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला कड्यावरून समुद्रात उड्या मारतात आणि कडा रिकामा होतो. मध्य ऑगस्टला जाऊन कड्याची आशा धरू नका.

माझं मत: निसर्गचित्रं आधी, अस्वल मिळालं तर मिळालं, असं असेल तर मेचा पहिला पंधरवडा. अस्वल, वॉलरस, पक्षी सगळं थोडं थोडं हवं असेल तर जुलैचा पहिला पंधरवडा. तेव्हा ५०० चे ३०० झालेले असतात आणि कडाही भरलेला असतो. प्रकाशात मात्र तडजोड.

डोलकाठी

वरच्या सगळ्याशी सहमत. जहाजाबद्दल बोलतो.

फरक पडतो, पण लोकांना वाटतो त्या कारणाने नाही. ५०० मीटरचा नियम १२ जणांच्या जहाजालाही तोच. फरक तीन गोष्टींत: डेकची उंची, वेळापत्रक, आणि झोडियाकमध्ये किती डोकी.

मोठ्या जहाजाचा डेक पाण्यापासून दोन-तीन मजले वर. ३०० मीटरवर त्या उंचीने फार बिघडत नाही, पण वॉलरस, हिमखंड, पाण्यावरचे पक्षी वरून काढले की मागे नुसतं पाणी येतं. डोळ्याच्या पातळीला गेलं की मागे डोंगर येतो. छोट्या जहाजाचा डेक पाण्याला जवळ असतो.

वेळापत्रक जास्त महत्त्वाचं. १०० जणांच्या जहाजावर जेवणं ठरल्या वेळी आणि रात्री जहाज पुढच्या ठिकाणाकडे चालतं. म्हणजे प्रकाश चांगला असतो तेव्हा तुम्ही प्रवासात, आणि सकाळी दहाच्या सपाट उजेडात लँडिंग. फोटोग्राफीसाठी भाड्याने घेतलेल्या जहाजावर हे उलटं करतात.

झोडियाकमध्ये साधारण दहा जण बसतात, दोन्ही बाजूंच्या ट्यूबवर समोरासमोर. प्राणी डावीकडे असेल तर उजवीकडच्यांना समोरच्याची डोकी. सहा जण असतील तर सगळ्यांना एका बाजूने काम करता येतं.

पैसे भरण्याआधी ऑपरेटरला लेखी विचारायचं ते असं. झोडियाकमध्ये किती जण? रात्री अकरानंतर झोडियाक उतरवता का? सर्वात खालच्या उघड्या डेकवर उभं राहता येतं का, तो पाण्यापासून किती उंच? गाईड किती आणि त्यातला फोटोग्राफी समजणारा कोण? बर्फामुळे मार्ग बदलला तर परतावा मिळतो का? शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असंच येणार, सगळीकडे. विचारायचं ते एवढ्यासाठी, की ‘स्पिट्सबर्गनला (स्वालबार्डच्या मुख्य बेटाला) पूर्ण प्रदक्षिणा’ असं छापलेलं असलं तरी ती हमी नसते हे दोन्ही बाजूंना माहीत असावं. नॉर्वेच्या हवामान संस्थेचा बर्फाचा नकाशा कामाच्या दिवशी रोज निघतो. आदल्या दोन-तीन वर्षांचे त्याच आठवड्याचे नकाशे काढून बघा, कुठवर वाट मोकळी असते याचा अंदाज येतो.

२०२५ पासूनचे आणखी नियम: संरक्षित क्षेत्रांत ठरवून दिलेल्या ४३ जागी उतरता येतं, बाकी ठिकाणी नाही. त्या क्षेत्रांत २०० हून जास्त प्रवाशांची जहाजं चालत नाहीत. किनाऱ्याला जोडलेला बर्फ फोडून आत शिरायला बंदी. पक्ष्यांच्या मोठ्या कड्यांपासून ५०० मीटरच्या आत १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट वेग ५ नॉट्सच्या वर नाही. हे शेवटचं फोटोवाल्यांच्या फायद्याचंच आहे.

ड्रोन घरी ठेवा. जहाजांवर हौशी ड्रोन उडवू देत नाहीत आणि लॉंगयरब्येन विमानतळाभोवती ५ किलोमीटर बंदी आहे, म्हणजे गाव जवळजवळ पूर्ण आलं त्यात.

जहाज सुटण्याआधी लॉंगयरब्येनला दोन रात्री ठेवा. विमान धुक्याने परत फिरतं, सामान ऑस्लोत राहतं. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

झुंजूमुंजू

मार्चची बाजू कोणीच घेतली नाही, म्हणून लिहितो.

सूर्य १६ फेब्रुवारीच्या सुमारास क्षितिजावर येतो, पण लॉंगयरब्येन डोंगरांच्या कुशीत असल्याने गावात ऊन पोचतं ८ मार्चला, जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर. त्याचा आठवडाभर उत्सव असतो. त्या आधीचे पंधरा दिवस आकाश गुलाबी आणि बर्फ निळा, तासन्‌तास. मार्चमध्ये दिवस रोज साधारण २० मिनिटांनी वाढतो, त्यामुळे एका आठवड्यात तुम्हाला दोन वेगळे प्रकाश मिळतात. आणि महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री पुरेसा अंधार असतो, ऑरोराची शक्यता राहते. खर्च जहाजाच्या मानाने बराच कमी.

विषय कोणते? रेनडिअर, कोल्हा, टार्मिगन पक्षी, हिमनद्यांच्या गुहा आणि भिंती, आद्वेंटदालेनची दरी. अस्वल धरू नका. अस्वल शोधायला किंवा त्याच्या मागे जायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे जमिनीवरून ‘अस्वल सफारी’ असा प्रकारच नाही. वस्तीबाहेर अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ बाळगणं बंधनकारक, बंदुकीला गव्हर्नर कार्यालयाचा परवाना. आपल्यासारख्याने गाईडबरोबरच जावं.

रेनडिअर हिवाळाअखेर अगदी खंगलेले असतात, साठवलेल्या चरबीवर तगतात. पळवून ‘ॲक्शन’ काढू नका. बसून राहिलात तर ते चरत चरत स्वतःच जवळ येतात. कोल्ह्यांत रेबीज सापडतो, धीट कोल्हा दिसला तर हात पुढे करायचा नाही.

थंडीचं: हवा उणे २० असेल आणि स्नोमोबाईल ताशी ५० ने चालली तर अंगाला उणे ३५ सारखं लागतं. सूट, बूट, हेल्मेट कंपनी देते. तुम्ही न्यायचं ते आतलं: मेरिनो लोकरीचे दोन जोड, फ्लीस, आणि हातमोजे दोन थरांत, आत पातळ बोटांचे आणि वर जाड मिटन. सुती बनियन आणि सुती मोजे अजिबात नकोत, घाम धरून ठेवतात आणि थांबलात की गारठवतात. कॅमेरा स्नोमोबाईलच्या मागच्या पेटीत ठेवू नका. तिथल्या हादऱ्यांनी लेन्सचे स्क्रू सैल होतात. पाठीवरच्या सॅकमध्ये, फोममध्ये.

सह्यकडा

सगळ्यांचे आभार. घरच्या बैठकीत जुलैचा पहिला पंधरवडा आणि छोटं जहाज असं ठरतंय. ऑरोरा पुढच्या जन्मी किंवा ट्रॉम्सोला.

आता सामानाचं सांगा. विमानात ८ किलोची मर्यादा, त्यात काय बसवायचं? ट्रायपॉड घ्यावा का? थंडीतून केबिनमध्ये आल्यावर लेन्सवर पाणी धरतं म्हणतात, त्याला काय करतात? आणि अस्वलाचं एक्स्पोजर?

कच्ची_फाईल

वजन आधी. झेड ८ बॅटरीसकट ९१० ग्रॅम, १८०-६०० कॉलरसकट २,१४० ग्रॅम, झेड ६ टू सुमारे ७०० ग्रॅम, २४-१२० सहाशे तीस. झाले साधारण ४.४ किलो. सहा बॅटऱ्या अर्धा किलो. दोन किलोच्या आतली सॅक. सात किलोच्या घरात बसतं. लॅपटॉप, चार्जर, एसएसडी जॅकेटच्या मोठ्या खिशांत. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, टोकांवर टोपण किंवा टेप लावून हातसामानात. सॅकचे कप्पे असे लावा, की वजन भरलंच तर झेड ८ गळ्यात अडकवून मोकळे व्हाल.

चार्जरची आपली दोन गोल पिनांची बारीक पिन नॉर्वेत थेट बसते. तीन पिनांची बसत नाही, ॲडॉप्टर लागतो. एक छोटा मल्टिप्लग न्या, केबिनमध्ये सॉकेट मोजून एक-दोन असतात.

ट्रायपॉड जहाजावर निरुपयोगी. इंजिनाची थरथर डेकमधून पायांत आणि तिथून लेन्समध्ये चढते. त्याच कारणाने लेन्स कठड्यावरही टेकवू नका. मोनोपॉड घेतलात तर तो बुटाच्या पंजावर टेकवा, डेकवर नको. शरीर थरथर शोषून घेतं. सगळ्यात उत्तम हातात धरून, व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) ‘स्पोर्ट’वर.

सेटिंग झोडियाकसाठी: मॅन्युअल, १/२००० सेकंद, एफ/६.३ ते ८, ऑटो आयएसओ आणि वरची मर्यादा ६४००. उडत्या पक्ष्यांना १/३२००. जहाज स्थिर आणि अस्वल चालतंय, तर १/१००० पुरतं.

एक्स्पोजर. बर्फ आणि धुकं फ्रेमभर असेल तर मीटर फसतो आणि बर्फ राखाडी होतो. अधिक ०.७ ते १.३ द्या आणि हिस्टोग्राम बघा. बर्फ उजव्या कडेजवळ हवा, कडेला चिकटलेला नको. अस्वल पांढरं नसतं, सायीसारखं पिवळट असतं, त्यामुळे ताज्या बर्फावर ते बर्फापेक्षा काळपटच येतं. तो रंग व्हाइट बॅलन्सने धुऊन काढू नका, त्यानेच तर ते बर्फापासून सुटं दिसतं. रॉमध्ये काढा, केल्विन ५२०० च्या आसपास बांधून ठेवा. ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा निळा वेगळा येतो आणि घरी येऊन डोक्याला ताप.

ऑटोफोकस धुक्यात पांढऱ्यावर पांढरं असलं की भटकतो. प्राणी ओळखणारा मोड ठेवा पण एरिया छोटा करा आणि तो काळ्या नाकावर धरा.

आता ज्याने सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते. ३००-५०० मीटरवर हवेचं थरथरणं. समुद्र शून्याच्या आसपास, वरची हवा पाच-सहा अंश, ऊन पडलेलं, की मधली हवा वितळल्यासारखी हलते. फोटो मऊ येतो आणि माणूस लेन्सला दोष देतो. ६०० वर असतो तसाच कन्व्हर्टर लावून ८४० वरही, फक्त मोठा. म्हणून कन्व्हर्टर न्या, पण आधी १० पट झूम करून स्क्रीनवर बघा. अस्वलाची कड पाण्यासारखी हलत असेल तर कन्व्हर्टर काढा आणि चौकट रुंद करा. ढगाळ दिवस बरा. जहाजाच्या धुराड्याच्या मागच्या बाजूला, किंवा गरम केबिनच्या उघड्या दारासमोर उभं राहून काढू नका, ती हवा थेट चौकटीत येते. लेन्स केबिनमधून नुकतीच बाहेर आणली असेल तर हूडमध्ये गरम हवा अडकते. वीस-तीस मिनिटं हूड काढून बाहेर राहू द्या. मग दहा-दहाच्या बर्स्ट काढा, दोन तीक्ष्ण निघतात.

केबिनमध्ये येताना: बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या. कॅमेरा लेन्ससकट जाड झिपच्या पिशवीत किंवा ड्राय बॅगमध्ये, हवा दाबून काढून, घट्ट बंद. मग आत. दमट गरम हवेतलं पाणी पिशवीच्या बाहेर जमतं, काचेवर नाही. दोन-तीन तास उघडायची नाही. हा मोह सगळ्यांना होतो: फोटो बघायचेत म्हणून पिशवी उघडतात आणि माउंटच्या आत धुकं धरतं, ते पुसता येत नाही. जुलैत तापमान ३ ते ७ अंश, त्यामुळे मार्चइतकं कडक नाही, पण सवय तीच ठेवा. एक कॅमेरा बाहेरच्या गार पॅसेजमध्ये ठेवायची परवानगी मिळाली तर उत्तम. रात्री दोनला ‘अस्वल!’ अशी घोषणा झाली की तो लगेच हाती येतो.

समोरच्या काचेवर बर्फाचा कण पडला तर तोंडाने फुंकू नका, श्वास गोठून पापुद्रा होतो. ब्लोअर. झोडियाकमध्ये लेन्स बदलायची नाही, दोन कॅमेरे म्हणूनच. खारं पाणी उडालं तर संध्याकाळी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. नुसतं कोरडं फडकं मिठाचे कण काचेवर घासतं.

साठवण: रोजच्या दोन हजार फ्रेम, एकेक ३० एमबी धरली तर ६० जीबी. दहा दिवसांचे ६०० जीबी. एक टीबीच्या दोन एसएसडी, दोन प्रती, दोन वेगळ्या बॅगांत. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क डोलत्या जहाजावर नको.

आल्केफ्येलेटला टोपी घाला आणि तोंड उघडं ठेवून वर बघू नका. हजारो पक्षी डोक्यावर असतात, पुढचं सांगायला नको. तिथे ६०० पेक्षा २४-१२० जास्त चालते. कड्याचं तोंड पूर्वेकडे आहे, त्यामुळे पहाटे-सकाळी ऊन समोरून पडतं आणि दुपारनंतर कडा सावलीत जातो. गाईडला आधीच सांगून ठेवा.

डोलकाठी

एक भर. दक्षिण टोकाला, सोरकापला वळसा घालताना समुद्र खवळलेला असतो. ॲव्होमिन घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून घ्या आणि डोलायला लागण्याच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. त्याने झोप येते, म्हणून ज्या रात्री झोडियाक उतरणार त्या रात्री नको.

लॉंगयरब्येनला जुलैत सुरय पक्षी, आर्क्टिक टर्न, अंडी-पिल्लांवर असतात आणि डोक्यावर चोच मारतात. हातातली काठी डोक्याच्या वर उंच धरा, ते सर्वात उंच टोकावर हल्ला करतात. मोनोपॉडचा हा एक उपयोग नक्की.

वास्को_बंदर

वाटेत न्यू-ओलेसुंद असेल तर थांबा घ्या. ७९ अंशांवरचं संशोधकांचं गाव, आणि भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथेच आहे, जुलै २००८ पासून. ते चालवणारी संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला. आत जाता येत नाही, बाहेरून फोटो काढता येतो. दारात संगमरवरी सिंह दिसले तर ते चीनचं केंद्र, पुढे चाला. गावाच्या कडेला १९२६ च्या ‘नोर्गे’ या हवाई जहाजाचा लोखंडी मनोरा उभा आहे. मागे फ्योर्ड घेऊन चांगला येतो, पण वस्तीबाहेर असल्याने गाईडशिवाय नाही.

तिथे २० किलोमीटरच्या परिघात रेडिओ शांतता पाळतात, कारण गावातल्या अँटेना अतिशय क्षीण संकेत टिपतात. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर जहाजाला बुकिंगच्या वेळीच कळवा, कारण सगळा शिधा लॉंगयरब्येनलाच भरला जातो. घरून चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी चालेल. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून नॉर्वेत नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, तूप, तुपातले लाडू घरीच.

हॉटेलात बूट दारात काढायचे असतात. खाणकामगारांच्या काळापासूनची रीत, कोळशाची धूळ आणि चिखल आत नको म्हणून. मोजे फाटके नसतील एवढं बघा.

सह्यकडा

हे भारी झालं. एकच शंका: रेडिओ शांततेसाठी फोन एअरप्लेन मोडवर टाकला की झालं ना?

वास्को_बंदर

नाही. फोन एअरप्लेन मोडवर गेला तरी काही फोनांत ब्लूटूथ चालूच राहतं, ते वेगळं बंद करा. मनगटावरचं घड्याळ, कानातले इअरबड्स, लॅपटॉप, तेही. आणि कॅमेरा सगळे विसरतात. झेड ८ मध्ये नेटवर्क मेनूत आणि झेड ६ टूमध्ये सेटअप मेनूत स्वतःचा एअरप्लेन मोड आहे, तो दोन्हींत स्वतंत्र चालू करावा लागतो. फोनशी जोडून ठेवलेला असेल तर कॅमेरा बंद असतानाही ब्लूटूथ जागं राहू शकतं. आदल्या रात्री केबिनमध्येच करून ठेवा, झोडियाकमध्ये हातमोजे घालून मेनू सापडत नाही.